ठोक्याचे सोफे आणि ‘कानफाट’चा तिसरा अल्बम

‘कानफाट’च्या तिसऱ्या अल्बमविषयी जाणकार मंडळी फार गंभीर चेहरा करून बोलतात. बँड इथे वयात आला म्हणे. रागाचं चिंतन झालं म्हणे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत आवाज जसा हळूहळू उघडत जातो तसा म्हणे आजवर कुणाला उघडता आलेला नाही. बोलू द्यावं. जाणकारांचं पोट त्यावरच भरतं. खरी गोष्ट एवढीच की रेकॉर्डिंगच्या दिवशी लोक आपापले सोफे परत न्यायला आले होते.

सोफे होते ठोक्याच्या कारखान्यात. ठोक्या म्हणजे बँडचा ड्रमर, आणि दिवसभराचा सोफे-खुर्च्या भरणारा कारागीर. हे नाव त्याला दोन्हींपैकी कोणत्या धंद्यामुळे पडलं यावर त्याच्या घरात आजही एकमत नाही. तोंडात मूठभर बारीक खिळे, जिभेने एकेक पुढे काढायचा, दोन बोटांत धरायचा, टक्, की कापड चौकटीला. तोंडात खिळे असताना तो बोलत नसे. बायकोच्या मते कामाची ही बाजू सगळ्यात चांगली होती.

त्याचं लग्न आणि बँड ही एकाच दुपारची कमाई. तेव्हा तो दुसऱ्याच्या हाताखाली होता आणि एका घरी सोफ्याची बसलेली बैठक उठवायला गेला होता. घरात आई, मुलगी आणि मुलगा. मुलगी पाणी घेऊन बाहेर आली आणि ठोक्याच्या दोन्ही हातांत एकदम हातोड्या आल्या. खिळे ठोकायला एक पुरते हे त्यालाही ठाऊक होतं, पण त्या वयात माणूस पुरेल तेवढंच कुठे करतो? त्याने अशी काही धडाधड उडवून दिली की आतल्या खोलीतून मुलगा धावत आला. त्याच्या बँडचा ड्रमर नुकताच पळून गेला होता.

“ड्रम वाजवता का हो तुम्ही?”

ठोक्याने मुलीकडे पाहिलं. “म्हणजे काय! लहानपणापासून.”

ड्रम त्याने तोवर फक्त दुकानाच्या काचेतून पाहिले होते. पण थाप पचली. यथावकाश मुलगी बायको झाली, मुलगा मेहुणा झाला आणि सोफ्याची मालकीण सासूबाई झाली. सोफा मात्र दुसऱ्याच महिन्यात पुन्हा बसला, आणि तो टोमणा सासूबाईंनी आजतागायत लोणच्यासारखा जपून ठेवला आहे.

मेहुणा गायक. गायक म्हणजे ओरडणारा. दिवसभर वाचनालयात बसून तो लोकांना ‘शू’ करायचा, आणि संध्याकाळी माइकसमोर उभा राहून ते सगळं व्याजासकट वसूल करायचा. गिटारवर त्याचा मित्र, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा. त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, आणि आपली नजर इतकी चांगली आहे याची त्याला मनातून लाज वाटे. बेसवर खुद्द बायको. दिवसा ती त्याच कारखान्यात शिलाईच्या मशीनवर सोफ्यांची कव्हरं शिवायची. तिचे टाके सरळ आणि बोलणं तिरकं.

‘हार्डकोर’ म्हणजे काय, असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

“आई, जे बोलायला लोक तासभर लावतात, ते आम्ही एका मिनिटात ओरडून टाकतो,” मेहुणा म्हणाला.

“मग उरलेल्या वेळात भाजी तरी आणत जा.”

गाणं सुरू झालंय हे कळेपर्यंत ते संपलेलं असायचं. आणि त्या सगळ्या भरधाव कारभाराचं इंजिन म्हणजे ठोक्या. हार्डकोरवाल्यांच्या वर्तुळात त्याचं मोठं नाव होतं. पोरं त्याच्या हातांकडे बघायला यायची आणि हात दिसत नाहीत म्हणून खूश होऊन जायची.

आता जी गोष्ट ठोक्या सगळ्या जगापासून लपवून होता ती अशी, की त्याला वेगात वाजवता येत होतं असं म्हणण्यापेक्षा त्याला हळू वाजवताच येत नव्हतं. दोन ठोक्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की त्याचा जीव कासावीस व्हायचा. पोकळी दिसली की भरायची, हा हाडाचा धंदा. सोफ्यात फोम, गाण्यात ठोके.

हे झाकून राहिलं त्याला कारण तालमीची जागा. तालीम कारखान्यातच व्हायची. छपरापर्यंत फोमचे ठोकळे, कापसाच्या गाठी, काथ्याचे गठ्ठे, रेक्झिनचे गुंडाळे. आवाज निघाला की जागच्या जागी मरायचा. टाळी वाजवली तर कुणीतरी उशीवर बसल्यासारखं वाटायचं. अशा खोलीत एक सूर लावून थांबावं, तर पुढे नुसती भयाण शांतता. तिला घाबरून चौघेही पुढच्या सुरावर उडी मारायचे. लोक ज्याला ‘कानफाट’ची शैली म्हणत ती निम्मी फोमची करणी होती, पण हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

मग एका नाट्यगृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरायचं काम आलं. होता नव्हता तो माल त्यात गेला. खुर्च्या ट्रकमध्ये चढल्या, ट्रक वळणावरून दिसेनासा झाला, आणि कारखान्यात उरल्या भिंती, पत्र्याचं उंच छप्पर, शिलाईचं मशीन आणि ड्रम.

त्या संध्याकाळी बँडने आपलं सगळ्यात लाडकं गाणं सुरू केलं आणि प्रत्येकाला वाटलं, बाकीचे तिघे पिऊन आलेत. ठोके ठोक्यांवर आदळत होते, गिटारचा चिखल झाला होता, आणि मेहुण्याचं ओरडणं छपराला लागून त्याच्याच डोक्यात परत पडत होतं.

“कोण चुकतंय?” मेहुणा ओरडला.

‘चुकतंय... तंय... तंय,’ छप्पर म्हणालं.

“मी नाही,” चष्मेवाला म्हणाला.

“मी तर मुळीच नाही,” बायको म्हणाली.

“माझ्याकडे काय बघताय?” ठोक्या म्हणाला. “मी माझा वाजवतोय.”

चष्मेवाल्याने कंटाळून एकच तार छेडली आणि सोडून दिली. तो सूर वर गेला, पत्र्याखाली एक चक्कर मारली, आणि भिंतींना टेकत टेकत अगदी निवांत खाली आला. चौघांच्याही माना त्याच्याबरोबर वर गेल्या आणि खाली आल्या. मग मेहुण्याने गाण्याची पहिली ओळ ओरडून न म्हणता आपल्या वाचनालयातल्या आवाजात म्हटली.

“अरे, असे शब्द आहेत होय?” बायको म्हणाली. “बरे आहेत की!”

“ताई, मीच लिहिलेत.”

“म्हणून तर आश्चर्य वाटलं.”

झालं. तिघांनाही त्या आवाजाची चटक लागली. तिसऱ्या अल्बमची जुळवाजुळव चालूच होती. आधी गाण्यांचा वेग निम्मा झाला, मग त्याच्या निम्मा. चष्मेवाला एक सूर लावून डोळे मिटून उभा राहायला लागला. बायको बेसची एक तार दाबायची आणि ती विझेपर्यंत दुसरीला हात लावायची नाही. ठोक्या मात्र दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा आपल्या स्टुलावर बसलेला. बाकीचे मोजत दोनवर पोचायच्या आत हा पाच गाठून पुढे काय म्हणून वाट बघायचा.

“ठोक्या, गाडी सुटत नाहीये रे,” चष्मेवाला म्हणाला.

“मी हळूच वाजवतोय!”

“हो, पण लवकर लवकर हळू वाजवतोयस.”

पुढच्या आठवड्यात चष्मेवाला पिशवीतून एक डबी घेऊन आला. ताल देणारं मशीन. बटण दाबलं की टिक टिक टिक, ना घाम ना वाद.

“नुसतं तालमीपुरतं. तुझ्या पाठीला जरा आराम.”

“माझ्या पाठीने अर्ज केला होता का?”

मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, “भावजी, रेकॉर्डिंगच्या दिवशी बघू. फास्ट गाणी तुमचीच. हळू गाण्यांचं... त्या दिवशी बघू.”

घरी गेल्यावर ठोक्याने बायकोला गाठलं. “तूही होतीस का यात?”

“कशात?”

“मशीन आणायचं ठरवण्यात.”

“अहो, मी दिवसभर मशीनवरच असते. मला मशीनचं काय कौतुक?”

हे उत्तर नव्हतं, हे ठोक्याला कळलं. फास्ट गाणी तुमचीच म्हणे! नवीन फास्ट गाणं तर महिनाभरात कुणी केलेलंच नव्हतं. म्हणजे आज हळू गाण्यांवरून उठलो की उद्या स्टुलावरूनच उठलो. मग आपण कोण? सोफेवाला. आणि ज्या ड्रमच्या थापेवर ही बायको, हा मेहुणा, हे सगळं घर मिळालं, ती थाप इतक्या वर्षांनी उघडी पडणार. सासूबाई काय म्हणतील हे तर त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

तो विचार करत बसला. खोली रिकामी झाली म्हणून गाणी हळू झाली. मग खोली भरली तर? फोमला पैसे पडतात, पण लोकांच्या घरी भरलेले सोफे फुकट पडून आहेत.

दुसऱ्या दिवसापासून ठोक्या हातगाडी घेऊन जुन्या गिऱ्हाइकांच्या दारात उभा.

“तुमचा सोफा बसलाय.”

“नाही हो,” निवृत्त हेडमास्तर म्हणाले. “मागच्याच वर्षी तुम्हीच भरलात.”

“म्हणून तर सांगतोय.”

हेडमास्तरांनी सोफ्याचं दुसरं टोक स्वतःच धरलं. नर्सबाईंचा लांबलचक सोफा आला. दाताच्या दवाखान्यातलं बाक आलं. केशकर्तनालयातल्या गुबगुबीत खुर्च्या आल्या. गिऱ्हाइकांनी विचारलं, कधी देता, की ठरलेलं उत्तर: “फोम मुरतोय.” जास्तच खोदून विचारलं तर, “स्प्रिंगांना विश्रांती लागते.” शेवटी हाव इतकी वाढली की सासूबाईंचा सोफाही त्याने उचलला. त्या घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या, आणि ती खुर्ची जावयाच्या नावाने कुरकुरत राहिली.

उपाय लागू पडला. आवाज पुन्हा मेला. चष्मेवाल्याने सूर लावून डोळे मिटले तर उघडेपर्यंत सूर गायब. घाबरून गाणी पळायला लागली, मेहुण्याचा आवाज चढला, ठोक्याचे हात दिसेनासे झाले.

“मागच्या महिन्यात जमत होतं,” मेहुणा गोंधळून म्हणायचा. “आता काय झालंय आपल्याला?”

“मूड असतो एकेक,” ठोक्या सोफ्यांच्या आडून सांगायचा.

बायको बघत होती. “अहो, यातला एकही सोफा उसवला नाही तुम्ही. मी शिवायचं काय? तुमचं तोंड?”

ठोक्याने घाईघाईने तोंडात खिळे टाकले.

रेकॉर्डिंगचा दिवस आला. रेकॉर्डिंगवाला माइकच्या पेट्या डोक्यावर धरून सोफ्यांमधून वाट काढत आत शिरला. घाईतला माणूस. संध्याकाळी त्याला दुसरीकडे जायचं होतं, आणि त्याला सगळं पटकन आणि एकदाच हवं होतं. त्याने एक टाळी वाजवली आणि खूश झाला. “काय मस्त मेलेली खोली आहे!” ठोक्याला त्याच्या गळ्यातच पडावंसं वाटलं. आधी जुन्या वळणाची फास्ट गाणी घ्यायची ठरलं. घेतली. ठोक्याने जीव तोडून वाजवलं. मेहुणा गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला. सगळं मनासारखं चाललं होतं, आणि तेवढ्यात दार ढकलून नर्सबाई आत आल्या. मागे दोन दणकट भाऊ, दारात टेंपो.

“मुरला का फोम?”

ही आग लावली होती सासूबाईंनी. सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन केले होते. जावयाने सोफा नेला, ते त्यांनी पोटात घातलंही असतं. पण फोम मुरतोय म्हणाला, आणि मुरवण्यातलं सासूबाईंना कळत होतं.

नर्सबाईंच्या मागे दवाखान्याचा कंपाउंडर, त्याच्यामागे केशकर्तनालयाचा मालक, मग हेडमास्तर, आणि सगळ्यात शेवटी खुद्द सासूबाई. रेकॉर्डिंगवाल्याने घड्याळ बघून हात जोडले. “मला थांबता येणार नाही. एक सोफा न्या, एक गाणं घेऊ द्या.” तसंच ठरलं. लोक रांगेत आपापल्या सोफ्यांवर बसून राहिले, कानात बोटं घालून. गाणं संपलं की एक सोफा जायचा. ठोक्या ड्रमवरून उठायचा, सोफ्याचं एक टोक धरायचा, बाहेर नेऊन टेंपोवर सुतळीने आवळायचा आणि परत येऊन बसायचा. आणि दर गाण्याला छप्पर थोडं थोडं जागं होत होतं. मेहुण्याचा आवाज परत यायला लागला. चष्मेवाल्याने हळूच डोळे मिटले.

मग हळू गाणी आली. ठोक्या हेडमास्तरांचा सोफा घेऊन बाहेर गेला तो लवकर आत येईना. सुतळीला गाठीवर गाठ मारत राहिला. आतून टिक टिक टिक ऐकू यायला लागलं.

“चांगलं चाललंय की,” हेडमास्तर म्हणाले. “आत कोण वाजवतंय?”

“कुणी नाही,” ठोक्या म्हणाला.

टिकटिक थांबली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. रेकॉर्डिंगवाल्याचा वैतागलेला आवाज आला. आणि मग मेहुणाच रस्त्यावर आला.

“भावजी, आत चला.”

“का? मशीन दमलं?”

“मशीन बरोबर आहे. मी चुकतोय. तुमचा उजवा खांदा वर गेला की मी तोंड उघडतो, इतकी वर्षं. मला मोजता कुठे येतंय? त्या डबीला खांदा नाही.”

ठोक्याने सुतळी सोडली. हेडमास्तरांसमोर बोलायची लाज वाटत होती, पण आता लाज धरून काय उरलं होतं?

“मेहुणे, मला हळू येत नाही.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या तालमीपासून. ती पहिली गाणी आम्ही हळूच बसवली होती भावजी. तुम्ही पळालात. तुम्हाला एकटं कसं सोडणार, म्हणून आम्ही मागे पळालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग पळतच राहिलो.”

“आणि मला धाप लागायची ती वेगळीच,” बायको दारातून म्हणाली.

ठोक्या टेंपोच्या फळीला टेकला. ज्या वेगासाठी पोरं त्याचे हात बघायला यायची, तो वेग म्हणजे त्याने घाबरून काढलेला पळ, आणि बाकीच्या तिघांनी त्याच्या मागे घेतलेली धाव.

“मग मशीन कशाला आणलंत?”

“म्हटलं, तुम्ही भांडाल, मग बोलणं होईल,” मेहुणा म्हणाला. “तुम्ही भांडायचं सोडून सोफे गोळा करत बसलात.”

“आज तुम्ही पळालात तर आम्ही मागे येणार नाही,” बायको म्हणाली. “हे आधीच सांगून ठेवते. परत यायचं ते तुमचं तुम्ही.”

आत एकच सोफा उरला होता. त्यावर सासूबाई बसल्या होत्या. हातपिशवी मांडीवर, चेहरा न्यायाधीशाचा.

“उठा,” ठोक्या म्हणाला.

“का, जावईबापू? मी असले की हात थरथरतात?”

“तुम्ही असा. सोफा नको.”

सासूबाईंना हे अनपेक्षित होतं. त्या उठल्या. ठोक्याने एक टोक धरलं, चष्मेवाल्याने दुसरं, आणि आवाज गिळणारी शेवटची वस्तू दाराबाहेर गेली. सासूबाईंना माइकच्या रिकाम्या पेटीवर बसवलं. ठोक्या स्टुलावर येऊन बसला. छप्पर त्याच्याकडे बघत होतं.

त्याने पहिला ठोका मारला. ठोका वर गेला, फिरला, पसरला. ठोक्याचे दोन्ही हात दुसऱ्या ठोक्याकडे धावले. पण तिघांच्या नजरा त्याच्या खांद्यावर होत्या, आणि खांदा उचलला तर मेहुणा तोंड उघडणार होता. त्याने खांदा खाली धरला. करायला काहीच नव्हतं, म्हणून तो ऐकत बसला. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, भिंतीत शिरला. मग खांदा वर गेला. मेहुण्याने तोंड उघडलं, बायकोने तार दाबली, आणि दुसरा ठोका पडला.

तसंच चाललं. प्रत्येक ठोका विझेपर्यंत बसून राहणं हे काम सोफा उचलण्यापेक्षा जड आहे, हे ठोक्याला त्या दिवशी कळलं. त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते. मध्यावर एकदा तो पळालाच. तीन-चार ठोके धडाधड पडून गेले. पण या वेळी मागे कुणी आलं नाही. तिघे जिथे होते तिथेच उभे राहिले. बोलत बोलत चालताना सोबतचे कधी मागे राहिले हे कळू नये, आणि मग एकदम वळून बघावं, तसं ठोक्याने पाहिलं. बायको त्याच्याकडे बघत होती. हसत नव्हती, पण हसण्याच्या बेतात होती. तो परत आला.

शेवटचा ठोका त्याने मारला आणि स्टिक हवेतच धरून ठेवली. आवाज पत्र्याखाली फिरायला लागला. चष्मेवाल्याने श्वास रोखला. सासूबाईंना खोकला येत होता, तो त्यांनी तोंडावर हात दाबून आतच ठेवला. रेकॉर्डिंगवाल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि बटणाकडे हात नेला. मेहुण्याने ‘झालं’ म्हणायला तोंड उघडलं.

ठोक्याने त्या दोघांवर एकदम डोळे वटारले. हात मागे गेला. तोंड मिटलं.

अजून थोडं शिल्लक होतं.